जोडणाऱ्याने आधी बसायचं

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील, म्हणजे तात्या, हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. एसटीची बंद झालेली फेरी, रेशनचं रॉकेल, शाळेचं गळकं छप्पर, अमावास्येला कामं बंद ठेवायची खुळी पद्धत. विषयांना तोटा नव्हता. मी अक्षरं गिरवली ती जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि पत्रकाची घडी घालायला मी पाढ्यांच्या आधी शिकले. घरात नियम एकच होता: छापलं ते निभवायचं. खालच्या आळीला नळ येईपर्यंत चहा पिणार नाही, असं तात्यांनी एकदा छापलं. नळ यायला दोन वर्षं लागली. तोवर त्यांची चहाची सवय सुटली आणि आईची दुप्पट झाली, कारण त्यांच्या वाटणीचाही तीच पीत होती.

अशा घरातलं माणूस सायकल घेतं तेव्हा नुसती सायकल घेत नाही. भूमिका घेतं.

मी बारामतीला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तत्त्व हा शब्द त्यात आहे एवढंच. वडगाव निंबाळकरहून रोज जायचं, रोज यायचं. गावातल्या प्रत्येक घरापुढे दोन गाड्या आणि प्रत्येक गाडीवर एकच माणूस, हे दृश्य बघून मला लहानपणापासून राग येत आलेला. म्हणून पुण्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून मी त्यांची जुनी रेसिंगची सायकल घेतली. निळी, पोलादी सांगाड्याची, बोटभर जाडीच्या टायरांची. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. गिअरच्या दोन काड्या हँडलवर नाहीत, खालच्या तिरक्या नळीवर. गिअर बदलायचा तर हात सोडून वाकायचं. पोस्टमास्तरांनी ती देताना सांगितलं की ही माझ्याहून जास्त टिकेल.

गावात या सायकलीबद्दल तीन प्रश्न होते. पहिला, कॅरिअर कुठाय. दुसरा, स्टँड कुठाय. तिसरा प्रश्न मला न विचारता आईला विचारला जायचा, की पोरीची स्कूटी विकली का. माझ्याकडे स्कूटी कधीच नव्हती. रस्त्यात कोणी ना कोणी गाडी थांबवून विचारायचं, ताई, बंद पडली का? सायकल चालू आहे, मी तिच्यावर बसलेली आहे, पाय फिरतायत, तरी हा प्रश्न. एकदा उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवाल्याने मला थांबवून, माझं काही न ऐकता, सायकल ट्रॉलीत चढवली आणि बारामतीच्या अलीकडे उतरवून दिली. त्याला वाटलं त्याने पुण्य केलं. मला वाटलं माझं अपहरण झालं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

बारामतीत रविवारी सायकली चालवणारी एक मंडळी आहे. डॉक्टर, इंजिनिअर, कारखान्यातले एक केमिस्ट, एक बँकवाले. पहाटे निघतात, भिगवणला जातात, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघतात, आणि हायवेजवळच्या एका हॉटेलात चिलापी माशाचा पहिला तवा चढेपर्यंत बसून राहतात. मीही जाऊ लागले. त्यांच्या सायकली कार्बन फायबरच्या. एका बोटाने उचलून दाखवण्याची त्यांच्यात पद्धत होती. त्यातल्या एकाची फ्रेम तडकली तेव्हा ती फेकून द्यावी लागली, हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, केळ्याचं साल फेकल्यासारखं.

मी पत्रक काढलं. मथळा होता, ‘कार्बन कोणासाठी?’ त्यात फेकून देण्याच्या संस्कृतीवर दोन परिच्छेद होते, आणि शेवटी जाड ठशात हे वाक्य: ‘पोलाद जोडता येते! कोणत्याही गावातला कोणताही वेल्डर ही सायकल अर्ध्या तासात जोडून देईल!’ पत्रक वाटलं भिगवणला, तळलेल्या चिलापीसोबत. लोकांनी चांगुलपणाने घेतलं. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांनी तर पूर्ण वाचलं, घडी घातली आणि जर्सीच्या पाठच्या खिशात ठेवलं. पुढचे दोन रविवार पत्रक तिथून डोकं काढून माझ्याकडे बघत होतं.

तिसऱ्या रविवारी चढावर माझ्या सायकलीतून कट्, कट् असा आवाज येऊ लागला. भिगवणला पोचल्यावर दातांचे डॉक्टर सायकलीपुढे उकिडवे बसले. खालची तिरकी नळी पुढच्या सांध्यात जिथे शिरते, तिथे त्यांनी नख फिरवलं, मोबाइलचा उजेड टाकला, पुन्हा नख फिरवलं.

“मॅडम, ही भेग आहे.”

मी म्हटलं, रंगाची आहे.

“रंगाची नाही. भेगा बघण्यावरच माझं पोट चालतं.”

त्यांनी जपून रंग खरवडला. केसाएवढी रेघ, अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली. हिच्यावर आता बसू नका, बसलात तर दात माझ्याकडेच आणाल, असं ते म्हणाले. कुचेष्टेने नव्हे. पण बँकवाल्यांनी डॉक्टरांच्या खिशातलं पत्रक काढून शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, बँकेत नियम वाचून दाखवतात तसं, उद्गारचिन्हं वगळून. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या वेळी गप्प बसणं मला कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, पुढच्या रविवारी याच सायकलीवर, गावात जोडून घेऊन येते. नाही आले तर पत्रक मागे घेते, छापून, प्रत्येकाच्या हातात देऊन.

आमच्या घरातून आजवर माघारीचं पत्रक निघालेलं नव्हतं. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

मासळीच्या पिकअपमधून, बर्फाच्या पेट्यांवर आडवी टाकून, सायकल बारामतीपर्यंत आली आणि तिथून दुसऱ्या टेम्पोने वडगावला. आईने आधी वास घेतला, मग सायकल बघितली, आणि यातलं नक्की काय आणलंय असं विचारलं. तात्यांनी भेग बघितली नाही. त्यांनी पत्रक मागून घेतलं, वाक्य वाचलं आणि म्हणाले, “मग जोडून घे. छापलंयस.”

सोमवारी कॉलेजहून आल्यावर मी चाकं काढून सांगाडा गावातल्या वेल्डरकडे नेला. हा माझ्याच वयाचा, उसाच्या ट्रॉल्या बांधतो, हात भक्कम. त्याने नळीवर टिचकी मारली आणि आवाज ऐकून हसला.

“ही नळी न्हवं ताई. पापड हाय.”

त्याने समजावून सांगितलं. त्याचं मशीन विजेचं, ट्रॉलीच्या जाड लोखंडासाठी. इथे लावलं तर भेग बुजायच्या आधी भोक पडेल. माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने फवारणी पंपाची एक टाकाऊ नळी घेऊन दाखवलं. ठिणगी पडली, आणि नळीला आरपार खिडकी. मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. त्याने उपाय सुचवला: पुढून मागेपर्यंत एक अँगल टाकू, सरळ, दोन्ही टोकांना पक्का. वजन वाढेल, पण मग मागे दोन पोती पेंड घातली तरी हूं का चूं करणार नाही. हवं तर कॅरिअरही करून देतो. तो हे मनापासून बोलत होता. आमच्या भागात मजबूत करणं म्हणजे वरून लोखंड घालणं. मी त्याचे आभार मानले आणि सांगाडा उचलून पळ काढला.

म्हणजे ‘कोणत्याही गावातला’मधलं माझं स्वतःचं गाव पहिल्या दिवशी बाद झालं.

मंगळवारी बारामतीत दोन सायकलवाल्यांनी नवी सायकल दाखवली. तिसरीकडे, ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने, भेग बघून सांगितलं की याला गॅसवर पितळ लावावं लागतं, आणि ते काम आता कोणी करत नाही. कळंबला एक आबा आहेत, पूर्वी तिकडच्या कारखान्यात होते, ते करायचे. असतील तर असतील.

ते होते. बुधवारी तास नव्हता, मी सांगाडा मांडीवर घेऊन एसटीने गेले. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पुढे एक मोडक्या दांडीची ट्रॉली, तिचा ड्रायव्हर हातातल्या काठीने जमिनीवर रेघोट्या ओढत बसलेला. आबा साठीच्या पुढचे, पायजमा, टायरच्या चपला, कपाळावर काळा चष्मा सरकवलेला. ट्रॉलीचं काम संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग सांगाडा हातात घेऊन उलटासुलटा केला, सांध्याजवळ नाक नेलं आणि म्हणाले, मासळीचा वास कशाचा येतोय. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पत्रकसुद्धा. प्रती पिशवीत होत्याच, एक दिली.

त्यांनी ते बोट लावून वाचलं, मथळ्यापासून तळाच्या छापखान्याच्या ओळीपर्यंत. मग शेवटच्या वाक्यावर परत आले.

“अर्धा तास कुणी सांगितला?”

मी उरलेल्या प्रती पिशवीत खाली सारल्या.

“आमाला इचारलं व्हतं का?”

नव्हतं विचारलं. वेल्डरवर वाक्य लिहिताना एकाही वेल्डरला विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहीत होते, त्यामुळे ते माझ्या बाजूचे आहेत हे मी धरून चालले होते. आबांनी पत्रक रागाने नाही, नीट घडी घालून परत दिलं. हंगाम चालू आहे, आधी ट्रॉल्या, असं म्हणाले. शनिवारी अमावास्या आहे, त्या दिवशी शेड बंद असते, तेव्हा निवांत बघू. अमावास्येविरुद्ध तात्यांची दोन पत्रकं होती. मी म्हटलं, शनिवारी येते.

शनिवारी चाकं, ब्रेकच्या तारा, सगळं घेऊन गेले. शेडचा पत्रा अर्धा खाली ओढलेला होता. आबांनी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग पातळ नळीचा एक तुकडा उभा चिरून, घासून घासून, भेगेवर वाळ्यासारखा बसवला. पितळ नीट पसरावं म्हणून सांध्यावर टाकणखार लावला. मला सांगाडा धरायला लावलं आणि हलायचं नाही असं बजावलं. गॅसची ज्योत निळी करून ते नळी तापवत राहिले, ज्योत एका जागी न ठेवता, इस्त्री फिरवल्यासारखी. रंग बघ म्हणाले. नळी आधी काळी, मग जांभळी, मग डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली. यापुढं गेलं की जळतं, ते म्हणाले आणि पितळेची सळई टेकवली. पितळ वाळ्याच्या कडेने पाण्यासारखं पळत गेलं आणि आत शिरलं. 

थंड होऊ देण्यात दुपार गेली. मी चाकं बसवली, तारा ओढल्या, सीट पुसली आणि पाय टाकायला गेले. आबांनी हँडल धरलं.

“थांब. जोडणारानं आदी बसायचं.”

मला वाटलं गंमत करतायत. ते पायजम्याचा एक पाय सुतळीने बांधत होते. मग सांगितलं, ट्रॉलीची दांडी जोडली की पहिल्या भरलेल्या खेपेला ते स्वतः ट्रॅक्टरवर बसून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जातात. त्यांच्या वस्तादाने घालून दिलेली रीत. मी वाद घातला, तो माझा धंदाच आहे. म्हटलं, ही वेगळी सायकल आहे, टायर बारीक आहेत, ब्रेक उलटे आहेत, तुम्ही अशी कधी चालवलेली नाही. आणि जोड सुटला तर पुढचं चाक निघून जाईल, तोंडावर पडाल.

“त्येच म्हंतोय. मोडली तर माज्या खाली मोडंल.”

“आबा, सायकल माझी आहे.”

“सायकल तुजी. सांदा माजा.”

आणि मग, बसता बसता, अगदी सहज विचारलं की पत्रकात हे लिहिलं होतंस का, आधी कोणी बसायचं ते. लिहिलं नव्हतं.

ते गेले. आधी दोनदा झोकांडी गेली, मग सरळ झाले. रस्ता पुढे कालव्याच्या पुलाकडे उताराचा आहे. वाकलेल्या हँडलवर त्यांनी हात वरच्या बाजूला ठेवले होते, जिथून ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. मी ओरडून सांगितलं. त्यांनी एक हात सोडून मला हात केला. उतारावर सायकलीने वेग घेतला, आणि वळणावरच्या उसात ते दिसेनासे झाले.

मी शेडपुढे उभी राहिले. पत्रकात मी ‘कोणताही वेल्डर’ असं लिहिलं होतं. आता तो कोणताही वेल्डर साठीच्या पुढचा होता, त्याच्या पायजम्याला सुतळी होती, आणि माझं वाक्य खरं ठरवण्यासाठी तो उताराने खाली गेला होता. रविवारी मी हरले असते तर बावीस लोकांच्या हातात कागद द्यावा लागला असता. एवढंच. त्यासाठी मी एक माणूस रस्त्यावर सोडला होता. मी वाट बघितली. बघवेना तेव्हा चालत निघाले, मग पळत.

पुलावर कोणी नव्हतं. पुलाखाली वाकून बघितलं, पाणी वाहत होतं. पलीकडून उसाचा ट्रॅक्टर चढ चढत येत होता, मागे दोन ट्रॉल्या. दुसरी ट्रॉली जवळून गेली तेव्हा आबा दिसले. ट्रॉलीबाहेर लोंबणारा एक ऊस डाव्या हाताने धरून, पाय न मारता, सायकलीवर बसून चढ ओढून घेत होते. चेहरा तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा.

शेडपाशी येऊन त्यांनी वाळ्यावर अंगठा फिरवला.

“सांदा धरतोय. सीट मातर वैऱ्याची हाय.”

 मी म्हटलं की तुमच्याबद्दल लिहिणार आहे, पत्ता छापू का? ते नको म्हणाले. हंगाम आहे, लोकं सायकली घेऊन आली तर ट्रॉल्या कोणी जोडायच्या. काम मात्र त्यांनी फुकट केलं नाही. पैसे रीतसर घेतले, आणि वर चहा पाजला.

त्याच सायकलीवर मी वडगावला आले. तिन्हीसांजेला पोचले तेव्हा तात्या ओट्यावर होते. सायकल उभी बघून म्हणाले, “जिंकलो की मग.”

मी म्हटलं, वाक्य चुकलंय. कोणत्याही गावात नाही, चौथ्या ठिकाणी कळलं आणि पाचव्या ठिकाणी झालं. अर्ध्या तासात नाही, एका अमावास्येत. उद्या दुरुस्तीचं पत्रक देणार.

“सायकल जुळली ना? मग कोण विचारतंय?”

“कोणी नाही.”

तात्यांना ते पटेना. चहाच्या बाबतीत दोन वर्षं तग धरलेला माणूस. शेवटी म्हणाले की आपल्या घरातून असलं काही निघालेलं नाही. मी म्हटलं, माहीत आहे. छापखाना बंद झाला होता, म्हणून हाताने लिहायला बसले. लवकर व्हावं म्हणून कपाटातला कार्बन पेपर काढला. त्यावर कोणी काही बोललं नाही. मजकूर छोटा होता: ‘मागील पत्रकातील शेवटचे वाक्य वेल्डरना न विचारता लिहिले होते. ते चुकीचे आहे. पोलाद जोडता येते, पण जोडणारा शोधावा लागतो. आम्हाला एक सापडला. जोडल्यावर त्याने मला बसू दिले नाही, आधी तो बसला. असा माणूस जवळपास आहे का, हे सायकल घेण्याआधी विचारावे.’ एकही उद्गारचिन्ह नाही. तात्यांनी वाचलं आणि मजकूर मिळमिळीत आहे म्हणाले. मग समोर बसून ते एकेका कागदाची घडी घालू लागले, माझ्यापेक्षा सरळ.

रविवारी भिगवणला मी सायकलीवर पोचले. दातांच्या डॉक्टरांनी वाळ्यावर नख फिरवलं, दोन्ही बाजूंनी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मान्य. मॅडम जिंकल्या.” टाळ्याही झाल्या. टाळ्या थांबल्यावर मी कागद वाटले. लोकांना वाटलं विजयाचं पत्रक. वाचल्यावर बँकवाले म्हणाले, जिंकल्यावर माघार घेणारा पहिलाच पक्ष बघितला. डॉक्टरांनी जुनं पत्रक खिशातून काढलं, नव्याच्या घडीत घातलं, आणि दोन्ही परत खिशात ठेवलं. मग चिलापी आली आणि विषय बदलला.

हॉटेलची मालकीण चुलीपाशी उभी राहून एक प्रत वाचत होती, उरलेली कोणीतरी तिथे ठेवलेली. वाचून झाल्यावर मला हाक मारली. तिच्या मोठ्या तव्याचा एक कान तुटला होता, फडक्याने धरून काम चाललं होतं.

“तुमचा त्यो मानूस ह्ये जोडंल का?”

जोडेल, असं अगदी ओठांवर आलं होतं.

“विचारून सांगते,” मी म्हटलं.

“लौकर इचारा,” ती म्हणाली आणि फडकं दुसऱ्या हातात घेतलं.